एकटीनं गायचा ऑपेरा: ‘ला व्वा युमेन’ बसवताना

रंगमंचावर एक खोली, एक पलंग, एक टेलिफोन आणि एक बाई. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत जवळपास चाळीस मिनिटं ती एकटीच आपल्यासमोर असते आणि फोनवर बोलत असते. पलीकडे तिचा प्रियकर आहे. पाच वर्षांचं नातं संपलंय, तो दुसरीशी लग्न करणार आहे आणि हा दोघांचा शेवटचा फोन. त्याचा एकही शब्द आपल्याला ऐकू येत नाही. तिला नावसुद्धा नाही. संहितेत तिचा उल्लेख नुसता ‘एल’ असा येतो, म्हणजे ‘ती’.

फ्रान्सिस पुलँक या फ्रेंच संगीतकाराचा हा एकांकी ऑपेरा, ‘ला व्वा युमेन’, म्हणजे माणसाचा आवाज. शब्द जाँ कोक्तो या फ्रेंच लेखकाचे. ६ फेब्रुवारी १९५९ रोजी पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक या नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. ‘ती’ झाली होती देनीझ द्युवाल, वाद्यवृंदापुढे संचालक झोर्ज प्रेत्र उभे होते, दिग्दर्शन आणि नेपथ्य खुद्द कोक्तोचं.

मी पियानोवर साथ करते आणि गायिकांकडून भूमिका बसवून घेते. पाश्चात्त्य गायन शिकणाऱ्या मराठी मुली या ऑपेराबद्दल हमखास विचारतात, कारण एकाच सोप्रानोला, म्हणजे उंच पट्टीच्या गायिकेला, सगळा प्रयोग मिळणं ही मोठी गोष्ट आहे. बहुतेकींचा पहिला प्रश्न वरच्या स्वरांचा असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: ही गाण्याइतकीच ऐकण्याची भूमिका आहे, तेव्हा तयारीही ऐकण्यापासून करायची. ती कशी, ते पायरीपायरीनं सांगते.

आधी आवाजाचा विचार

स्वरलिपीच्या सुरुवातीला पुलँकनं गायिकेसाठी आणि वाद्यवृंदाच्या संचालकासाठी काही सूचना लिहून ठेवल्यात. त्यातली पहिलीच अशी की ही भूमिका तरुण आणि डौलदार बाईनं करावी. प्रियकरानं टाकलेल्या वयस्क बाईची ही गोष्ट नव्हे. हे वाचून विशीतल्या मुली खूश होतात. पण पहिल्या प्रयोगाच्या वेळी द्युवाल ३७ वर्षांची होती. १९४७ मध्ये पुलँकच्याच ‘ले मामेल द तिरेझिया’ या ऑपेरात ती तेरेझ झाली होती, आणि १९५७ मध्ये त्याच्या ‘दियालोग दे कार्मेलित’च्या पॅरिसमधल्या प्रयोगात ब्लाँश. या संगीतकाराची भाषा तिच्या गळ्यात बारा वर्षं मुरली होती.

यातला बराच भाग मधल्या पट्टीत, बोलण्याच्या उंचीवर आहे. म्हणून सोपा वाटतो आणि तिथेच फसगत होते. बोलल्यासारखं गाताना श्वासाचा आधार सुटतो, गळा आवळतो. मग वाद्यवृंद उसळतो तेव्हा त्याच्यावरून आवाज काढायला काही शिल्लक उरत नाही. मध्ये विंगेत जाऊन पाण्याचा घोट घ्यायची सोय नाही. तेव्हा एक परीक्षा घ्या: मधल्या पट्टीतली पुलँकची चार-पाच गाणी सलग, न थकता, शब्द स्पष्ट ठेवून गाता येतात का? येत नसतील तर एक-दोन वर्षं त्या गाण्यांनाच द्या. ते दिवस वाया जात नाहीत.

दुसरी पायरी: नाटक वाचा

ऑपेराच्या आधी हे नाटक होतं. १९३० मध्ये पॅरिसच्या कोमेदी-फ्राँसेझ या नाट्यगृहात बेर्त बोव्ही या अभिनेत्रीनं ते पहिल्यांदा केलं. पुलँकनं ऑपेरासाठी त्याला कात्री लावली, म्हणून मूळ नाटक वाचायलाच हवं. कापलेल्या जागांमध्ये तिचं बरंच काही दडलेलं आहे. नाटकात एके ठिकाणी तो आपल्या लोकरी अस्तराच्या हातमोज्यांबद्दल विचारतो. ती शोधायचं नाटक करते, मोजे हाती लागतात, ती त्यांचे मुके घेते आणि फोनवर सांगते की सापडत नाहीत. एवढ्यावरून सबंध बाई कळते.

कोक्तोची प्रस्तावना तर दोनदा वाचा. त्याचं म्हणणं असं की नटी इथे दोन भूमिका करते: बोलते तेव्हा एक आणि ऐकते तेव्हा दुसरी. न दिसणारा तो पुरुष कसा आहे, हे तिच्या ऐकण्यातूनच प्रेक्षकांना कळणार असतं. त्यानं आणखी एक ताकीद दिली आहे, दुखावलेल्या बाईचा उपरोध आणि कडवटपणा आणू नका म्हणून. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रेमात आहे.

तिसरी पायरी: फ्रेंच तोंडात बसवणं

इथे मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळाल्यात आणि त्यांचा फायदा घेतलाच पाहिजे. फ्रेंचमधले प, त, क हे आपल्या प, त, कसारखेच, श्वासाचा फवारा न सोडता उच्चारायचे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलींना यासाठी महिनोन् महिने घासावं लागतं. तुम्ही फक्त इंग्रजी शाळेत लागलेली सवय बाजूला ठेवायची. फ्रेंच त दातांवरचा, आपला ‘ताट’मधला. आणि र? पॅरिसच्या रस्त्यावर घशातला र ऐकू येतो, पण ऑपेरात परंपरेनं जिभेच्या टोकाचा हलका र चालत आलाय. तो आपल्याकडे जन्मापासून आहे.

अनुनासिक स्वरांचंही तसंच. घरात कोकणी किंवा मालवणी बोलली जात असेल तर नाकातले स्वर कानाला परके नाहीत. अट एकच, स्वरानंतर ‘न्’ किंवा ‘म्’ वाजू द्यायचा नाही. ‘नाँ’ (म्हणजे ‘नाही’) म्हणताना जीभ टाळूला लागली की शब्द मेला.

अवघड आहे तो फ्रेंच ‘तू’मधला (tu, अर्थही आपला ‘तू’च) उ. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची. आरशासमोर ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ गोल करा. पंधरा दिवस रोज पाच मिनिटं. हा शब्द या ऑपेरात पावलोपावली येतो, कारण तिच्या दृष्टीनं ‘तू’ एकच आहे.

तू-तुम्हीचा हा भेद मराठी गायिकेला समजावून सांगावा लागत नाही, आणि भूमिकेत तो फार कामाला येतो. प्रियकराला ती ‘तू’ म्हणते. लाइनवर घुसलेल्या परक्या बाईला, एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला, त्याच्या घरच्या जोसेफ नावाच्या नोकराला ती ‘व्हू’ म्हणते, आपलं ‘तुम्ही’. क्षणात एकीकडून दुसरीकडे जावं लागतं. घरात आईवर ओरडत असताना दाराची बेल वाजली आणि कुरिअरवाला उभा असला की आपला आवाज कसा बदलतो, ते आठवा. पाठांतर कुठे सुटलं तरी चालेल, पण हा बदल कानाला ऐकू यायलाच हवा.

आणि पहिलाच शब्द ‘आलो’. आपल्या तोंडी ‘हॅलो’ इतकं बसलंय की तालमीत दहा वेळा तरी ‘ह’ निसटतो. महिनाभर घरचे फोन ‘आलो’ म्हणून घ्या. घरचे हसतील, हसू द्या.

या टप्प्यावर स्वर अजिबात लावायचे नाहीत. संपूर्ण संहिता मोठ्यानं, नुसती बोलून, फ्रेंच जाणणाऱ्या कुणाला तरी ऐकवा.

चौथी पायरी: त्याची वाक्यं लिहून काढा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. नोटवह्या भरल्या तरी चालतील.

संहितेत तिच्या शब्दांमध्ये टिंबं आहेत, स्वरलिपीत विराम आहेत. तिथे तो बोलतोय. तो नेमकं काय बोलतोय हे कोक्तोनं लिहिलेलं नाही, ते तुम्ही लिहायचं. आणि ते फ्रेंचमध्ये लिहू नका. ज्या भाषेत तुम्हाला झोपेतून उठवलं तरी कळतं, त्या भाषेत लिहा. मराठीत लिहा.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक मुलगी ही भूमिका करत होती. सुरुवातीच्या भागात ती त्याला सांगते की आत्ताच मी मार्थ या मैत्रिणीकडून जेवून आले, अंगात गुलाबी पोशाख आहे, टोपीसुद्धा अजून डोक्यावर आहे. काल रात्रीचं विचारल्यावर म्हणते, झोपेची एक गोळी घेतली. मग थोडा विराम, आणि ‘नाही, एकच’. या मुलीनं त्याची वाक्यं लिहून आणली होती, ती मी पियानोवरून विरामांमध्ये वाचायची असं ठरलं. तिनं त्याला अगदी खलनायक केलं होतं. ‘बरं, मग?’ ‘लवकर सांग.’ ‘गोळ्यांची नाटकं पुरेत.’ त्याला उत्तर देताना तिचा आवाज आपोआप कडक व्हायचा आणि पुढचं सगळं भांडण वाटायचं.

मी म्हटलं, बाई, तो इतका दुष्ट असता तर हिनं चाळीस मिनिटं फोन धरला असता का? उलट ती त्याला सारखी म्हणतेय की तू किती चांगला आहेस. आम्ही पान खोडलं आणि नव्यानं लिहिलं. ‘जेवलीस का नीट?’ ‘काय घातलंयस?’ ‘आणि रात्री झोप लागली?’ ‘किती घेतल्यास?’ मी ते ‘किती घेतल्यास?’ हळूच वाचलं. ती गायली, ‘नाही, एकच’, आणि थांबली. डोळे भरून आले होते. तिला कळलं होतं की तो काळजीनं विचारतोय, आणि ही त्याची काळजी मिटावी म्हणून खोटं बोलतेय. पुढे ती कबूल करते: एक नव्हे, बारा गोळ्या घेतल्या होत्या.

तो चांगला नाही, हे तर आहेच. तो खोटारडा आहे, पण गोड बोलणारा खोटारडा आहे. पलीकडून ग्रामोफोनचा आवाज येतो तेव्हा ती समजते की शेजारी इतक्या रात्री रेकॉर्ड लावून बसलेत. मग लाइन कटते, ती त्याच्या घरी फोन लावते, जोसेफ उचलतो आणि उलगडा होतो की साहेब घरी नाहीतच. त्यानंतर त्याचा पुन्हा फोन येतो. ती त्याला जाब विचारत नाही. खरं बोलायची संधी तेवढी देऊन पाहते, आणि तो काही ती घेत नाही. इथल्या प्रत्येक विरामाखाली त्याचं खोटं वाक्य शब्दशः लिहा. ‘हो, घरीच आहे, का गं?’ हे ऐकून झाल्यावर पुढचा स्वर कसा लावायचा, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही.

आठवडाभर कुणाकडून तरी ही वाक्यं वाचून घ्या. मग वाचणाऱ्याला फक्त ओठ हलवायला सांगा. मग खोलीबाहेर पाठवा.

पाचवी पायरी: आता स्वर, आणि त्यांच्यामधली शांतता

या ऑपेराच्या ७८० बारपैकी (बार म्हणजे स्वरलिपीतला ठरावीक मात्रांचा खण) १८६ बार असे आहेत की वाद्यवृंद गप्प असतो आणि तुमचा आवाज एकटा असतो. खाली आधाराला एकही सूर नाही. पट्टी हरवली तर वाद्यवृंद परत येताच सगळ्या सभागृहाला कळणार. म्हणून अशा प्रत्येक तुकड्याचा शेवटचा स्वर आणि वाद्यवृंदाचा पुढचा पहिला स्वर यांची जोडी वेगळी घोटा. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे सुरुवातीला फार उघडं वाटतं, षड्ज कुठेच धरून ठेवलेला नसतो. सवय होते.

सुट्या तुकड्यांमध्ये लय बरीच मोकळी ठेवायची मुभा पुलँकनं दिली आहे. पण मोकळीक आधी कमवावी लागते. पहिल्या महिन्यात सगळं मेट्रोनोमवर, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्रावर, लिहिलंय तसंच घ्या. बोलण्याची लय त्यानं इतकी नेमकी टिपली आहे की निम्मा अभिनय त्या टिपणीतच आहे.

फर्माता, म्हणजे डोळ्यासारखी दिसणारी ती थांब्याची खूण, इथे जागोजागी भेटते. किती थांबायचं हे गायिकेवर आहे, पण संचालकाशी आधी ठरवून. हेही त्याच सूचनांमध्ये आहे. इथे चौथ्या पायरीतली नोटवही कामी येते: त्याचं वाक्य मनात जितका वेळ घेतं, तितका थांबा. ‘एक, दोन, तीन’ मोजणारी गायिका तिसऱ्या रांगेतूनही ओळखू येते.

आणखी एक सूचना अशी की अस्वस्थतेतून शांततेकडे आणि शांततेतून परत अस्वस्थतेकडे एकदम जायचं, हळूहळू सरकायचं नाही. याची तालीम उलटसुलट करा. दोन वेगवेगळ्या मनःस्थितींचे तुकडे निवडा आणि मध्ये श्वासही न घेता एकातून दुसऱ्यात उडी मारा.

द्युवाल आणि प्रेत्र यांचं १९५९ चं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जरूर ऐका, पण स्वर पक्के झाल्यावर. आधी ऐकलंत तर तिच्या विरामांची नक्कल होईल, आणि त्या विरामांमध्ये बोलणारा माणूस तिचा आहे, तुमचा नाही.

सहावी पायरी: फोन

आजच्या विशीतल्या मुलीला हा फोन समजावून सांगावा लागतो. हातात मोबाइल असलेल्या माणसाला लाइन कटण्याची धास्ती ठाऊक नाही. आपल्याकडच्या आजी-आजोबांना विचारा: ट्रंक कॉल बुक करून तासन् तास बसणं, मध्येच क्रॉस कनेक्शन लागून दुसऱ्याच कुणाचा संसार ऐकू येणं, ‘हॅलो, हॅलो’ करत घसा सुकवणं. या ऑपेराची सुरुवातच तशी आहे. लाइनवर एक परकी बाई आहे, ती ठेवायला तयार नाही. मग कुणाला तरी डॉक्टर श्मिट हवेत, आणि ‘ती’ सांगतेय की हा शून्य आठ आहे, शून्य सात नव्हे. त्याच्याशी शेवटचं बोलायला मिळेल की नाही, हे ऑपरेटरच्या हातात आहे. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर तासभर त्यांच्याशी या विषयावर गप्पा मारा. कुठल्याही अभिनयाच्या वर्गापेक्षा ते जास्त देतील.

तालमीला पहिल्या दिवसापासून खराखुरा, वायरचा, जड रिसीव्हरचा जुना फोन घ्या. जुन्या बाजारात मिळतो. प्लॅस्टिकचा हलका रिसीव्हर हातात खोटा वाटतो आणि त्याला कवटाळता येत नाही. रिसीव्हर डाव्या कानाला की उजव्या, हे संचालक कुठे दिसणार त्यावर ठरवा. तोंडासमोर अर्धी वीत जागा मोकळी ठेवा, नाहीतर आवाज रिसीव्हरमध्येच अडकतो. हात पाऊण तासात भरून येतो, खांदा वर चढतो आणि मान आखडली की वरचे स्वर बंद. हात कुठे बदलायचा, कोपर उशीवर कुठे टेकवायचं, हे स्वरलिपीत पेन्सिलीनं लिहून ठेवा.

फोनची घंटी वाद्यवृंदात झायलोफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवतं. पियानोवर तालीम करताना ती लक्षात राहत नाही, म्हणून मी ती टेबलावर पेन्सिलीनं वाजवते. ती वाजताच शरीर दचकायला हवं, प्रत्येक वेळी.

परवानगीचं थोडक्यात

स्वरलिपी रिकोर्दी या प्रकाशनाची. पुलँक आणि कोक्तो दोघंही १९६३ मध्ये गेले आणि फ्रान्समध्ये मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतात, तेव्हा युरोपात प्रयोग करताना रीतसर परवानगी लागते. भारतात ही मुदत साठ वर्षांची आहे, पण वाद्यवृंदाचे सुटे कागद भाड्यानंच आणावे लागतात, म्हणजे प्रकाशकाशी पत्रव्यवहार आलाच. फक्त पियानोच्या साथीनं जाहीर प्रयोग करायचा असेल तर ते पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा. हा ऑपेरा वाद्यवृंदाच्या सुरांत न्हाऊन निघालेला असावा, अशी पुलँकची इच्छा होती. तो रंग पियानोत पूर्ण उतरत नाही.

स्वतःला जपणं

बारा गोळ्यांच्या कबुलीचा भाग एका वॉल्ट्झवर, म्हणजे नाचाच्या चालीवर, येतो. तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला, मग घाबरली, मार्थला बोलावलं, डॉक्टर आले. हे सगळं ती झुलत्या तीन मात्रांवर सांगते आणि म्हणूनच ते आतपर्यंत जातं. मी हा भाग एका तालमीत दोनदापेक्षा जास्त घेत नाही. पुलँकनं हा ऑपेरा १९५८ मध्ये लिहिला तेव्हा तोही स्वतःच्या मनाच्या फार वाईट दिवसांतून गेला होता, आणि ते संगीतात उतरलंय. गायिकेच्या आयुष्यात ताजी जखम असेल, घरात कुणी असं काही केलं असेल, तर बसवून घेणाऱ्याला आधी सांगावं आणि भूमिका पुढे ढकलावी. मी एकदा न विचारता तालीम रेटली होती. त्या मुलीनं पुढचे दोन महिने गाणंच बंद ठेवलं. त्यानंतर मी पहिल्या भेटीतच विचारते.

तालीम संपली की रिसीव्हर जागेवर ठेवायचा, दिवे लावायचे आणि खोलीतल्या माणसाला स्वतःच्या नावानं हाक मारायला लावायची. मग खायचं काहीतरी, गरम.

शेवटची दोन मिनिटं

शेवटाकडे ती फोनची वायर गळ्याभोवती घेते आणि म्हणते, तुझा आवाज माझ्या गळ्याभोवती आहे. वायर सैल, दोन बोटं आत जातील एवढी ठेवा आणि एकच वेढा. गाताना गळ्याला खरा दाब लागता कामा नये. तुम्ही दोघं मार्सेयला गेलात तर आपण उतरायचो त्या हॉटेलात नका उतरू, एवढंच ती मागते. इथे मी गायिकेला स्वतःच्या ओळखीच्या एका खोलीचा विचार करायला सांगते, तिथल्या चादरीच्या रंगासकट. मग ती त्यालाच विनवते की तू तोड, लवकर तोड, आणि ‘झ तेम’ म्हणत राहते, माझं प्रेम आहे तुझ्यावर.

रिसीव्हर खाली पडतो. हे पडणं बसवावं लागतं. टाकला की फेकल्यासारखा दिसतो. बोटं एकेक करून सोडली की आपल्या वजनानं निसटतो. खाली जाड सतरंजी हवी, नाहीतर आपटल्याचा आवाज शेवटच्या सुरांवर येतो. वायर पलंगाच्या पायात अडकत नाही ना, हे प्रयोगापूर्वी स्वतः बघा, दुसऱ्यावर सोडू नका. आणि तो पडल्यावर वाद्यवृंद थांबेपर्यंत ऐकत राहा, पलीकडे कुणी आहे का म्हणून.